‘आम्हा बायकांना’ लिहितात बब्रुवानमामा

हॅलो?… हां फरहाना, बोल गं… जोरात बोल, काय ऐकू येईना… एवढा कालवा कसला हाय तिथं?… नगरपंचायतीच्या हॉलात? तू काय करायलीस तिथं?… हां हां, ती आराखड्याची सभा. मग त्यात अंगणवाडीवाल्यांचं काय काम?… महिलांची उपस्थिती दिसावी म्हणून! बघ की. फोटोपुरत्या बायका लागतेत ह्यांना. चहा तरी दिला का?… बिस्कीट बी? मग बस निवांत.

थांब थांब, तव्यावर धपाटं हाय… हां, उलथलं. बोल.

कोण?… कोण आलंय म्हणलीस?… आमचे मामा? अगं भलतंच काय! आमचे सासरे कशाला येतील तिथं, ते चष्म्याची काडी बसवायला गेलेत. मला सांगून गेलेत, ‘सूनबाई, काडी बसवून येतो’… पयल्या रांगेत?… फेटा बांधून?

अगं, चष्म्याच्या काडीला फेटा कशाला लागतोय…

मी आत पीठ मळत होते, मला कुठलं दिसायलं… आन काय करायलेत?… नुसते बसलेत. दोन्ही हात काठीवर ठेवून. मेले. फरहाना, मेले मी.

न्हाय, काय झालं न्हाय… झालंय. लई झालंय. तू जरा हॉलच्या बाहेर ये बरं… ये की गं, बिस्कीट कुठं पळून चाललंय का?… आलीस? शेजारी कोण न्हाय ना? आमचे अमरसिंह भावजी?… आत हायत, बरं. शपथ घे आधी. अम्मीची घे… घेतली?

ऐक. ती कमेंट हाय ना… अगं तीच, गावभर गाजायलेली. ‘आम्हा बायकांना’… हां, मामांच्या नावाची. ती मामांनी न्हाय लिहिली. मी लिहिली.

हॅलो?… फरहाना?… हसू नको गं! हिकडं माझा जीव टांगणीला लागलाय आन तुला हसू येतंय… बास. बास की. लोक बघायले असतील तुझ्याकडं.

कसं म्हणजे? मामांना कुठं फेसबुक येतंय! खातं आमच्या ह्यांनी काढून दिलं, उमरग्याला नोकरीवर जायच्या आधी. ‘बाबाचं चार माणसात उठणं-बसणं हाय, फेसबुकावर दिसाय पायजेत.’ फोटो लावला पोळ्याचा, बैलासंगं. मिशा बैलाच्या शिंगाएवढ्या. आन मला सांगून गेले, तू बघत जा. तवापासून रोज पहाटं उठून मी सासऱ्यांच्या नावानं गुलाबाचं फूल टाकते. ‘शुभ सकाळ, आपला दिवस आनंदात जावो.’ कुणाचा वाढदिवस असला की केक. कुणी वारलं की भावपूर्ण श्रद्धांजली… हां, तुझ्या चुलत्याला वाहिलेली बी मीच. मामांना तर दुसऱ्या दिवशी कळलं ते गेले म्हणून!

अगं ऐक ना, सांगायलेय की. माझं खातं येगळं हाय… हाय एक. तुला न्हाय सांगितलं. ‘मोगरा मोगरा’… व्हय, तीच मी!… काय? तू ब्लॉक केलंस मला? कशाला?… पुरुषाचं वाटलं? बदाम टाकते म्हणून? अगं तुझ्या शीरखुर्म्याला टाकलेला बदाम होता तो, मनापासून!… बरं, ते मागनं भांडू.

तर झालं काय, गेल्या शुक्रवारी नगरपंचायतीनं नकाशा टाकला. ‘आपलं शहर, आपला आराखडा, आपल्या सूचना कळवा.’ आता ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली म्हणजे शहर म्हणायचं म्हणे. म्हशीला म्हाईत न्हाय अजून, ती रस्त्यातच बसती. मी भांडी घासून, हात पुसून, जरा टेकले आन लागले वाचायला. तर सूचना काय? एक म्हणतो कमान पायजे. दुसरा म्हणतो दोन कमानी पायजेत, येताना एक, जाताना एक. आमचे अमरसिंह भावजी, सख्खे चुलत दीर, त्यांनी लिहिलंय सेल्फी पॉइंट पायजे, आन त्याखाली त्यांच्याच मंडळाच्या पोरांचे ऐंशी अंगठे. एकानं कारंजं मागितलंय. आठ दिवसाला नळ येतो आन ह्यांना कारंजं पायजे!

मग मी नकाशा मोठा करून बघितला. गुरुवारच्या बाजाराची जागा हुडकली. तिथं गाड्या लावायला जागा हाय. बगीचा हाय. जनावरांना पाण्याचा हौद सुद्धा हाय, खोटं न्हाय सांगत, निळा ठिपका हाय. आन बायकांना जायला?… काय न्हाय. एवढीशी खूण न्हाय. तुझी अम्मी बांगड्यांची पेटी घेऊन बसती ना तिथं, आमच्या सासूबाई, आत्याबाई, मेथी-कोथिंबीर घेऊन बसतेत. सकाळी सहाला गेलेली बाई दिवेलागणीला घरी येती. कुठं जातेत त्या?… तेच तर. जातच न्हाईत. माझ्या डोस्क्यात तिडीक गेली बघ. लिहिलं धडाधडा.

वाचू? तू वाचलीस की… बरं वाचते. ‘आम्हा बायकांना बाजारात मुतारी नाही. जनावराला हौद दिला, आभारी आहोत. पण आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही, कारण पिलं तर जायचं कुठं? नकाशा काढणाऱ्या साहेबांनी एक गुरुवार आमच्या शेजारी बसावं आणि दोन तांबे पाणी प्यावं. आम्हाला संडास पाहिजे, त्यात पाणी पाहिजे, आणि दाराला आतून कडी पाहिजे.’… बरं लिहिलंय ना? बारावीला निबंधात पयली आलेली मी. फक्त पाठवताना खातं बदलायचं राहिलं. सकाळचं गुलाबाचं फूल मामांच्या खात्यावरनं टाकलेलं, तसंच राहिलेलं ते. सगळ्या गावात पसरलं, आम्हा बायकांना मुतारी नाही, वर नाव बब्रुवान, आन मिशा.

हस. हस तू पोटभर.

तीन तासांनी बघितलं. पुसणारच होते गं! खाली काय काय लिहिलेलं, ‘काका, तब्येत बरी हाय ना?’ ‘काकांची काकू कधी झाली?’ आन पुसायला बोट लावलं, तर तुझ्या अम्मीनं लिहिलेलं दिसलं. सायराबीनं. ‘बब्रुवान भाऊ, आल्ला तुमाला लई आयुष्य देवो, आमाला बी पायजे.’ बास. मग पुसू वाटंना. त्याच्याखाली बायका यायला लागल्या की एकेक. ज्या कधी स्वतःच्या लग्नाच्या फोटोला सुद्धा अंगठा देत न्हाईत, त्या लिहायला लागल्या. आता मला सांग, मोगरा मोगरानं लिहिलं असतं तर कुत्रं तरी फिरकलं असतं का?… म्हणून राहू दिलं. मामांना कुठं दिसायलं, म्हणलं.

पण हॉटेलवर कळलं असणारच की त्यांना. चार दिवस झाले. घरी येऊन चकार शब्द न्हाय. जेवतेत, पान खातेत, झोपतेत. मला म्हणलेत फक्त ‘सूनबाई, मीठ बरोबर हाय.’ मीठ बरोबर हाय असं आमच्या घरात आजवर कुणी म्हणलेलं न्हाय, फरहाना. तवाच मी वळखलं, ह्यांना कळलंय.

आँ? आत काय चाललंय?… कोण बोलायलंय, मुख्याधिकारी मॅडम?… दाराशी जा, दाराशी जा, कान लाव… काय म्हणायलेत?… मुदत आज संपती, हां… फेसबुकवरचं धरलं जाणार न्हाय? म्हणजे?… नाव, पत्ता, सही असलेला कागद पायजे. आन पावणेसहाला टेबल बंद. आता किती वाजले?… पाच वाजून दहा. अगं मग ते सहाशे अंगठे? त्या शंभर बायका लिहिल्यात त्या?… एकाचा बी हिशेब न्हाय?

मग कशाला म्हणले ‘कळवा’! आम्ही काय भिंतीला कळवलं?

बरं, पुढं?… ज्यांच्या सूचनेला लई अंगठे त्यांना एकेक करून पुकारणार. आन त्यांनी ‘व्हय, माझी हाय’ म्हणून सही दिली तरच कागदावर. न्हाय म्हणले तर खोडणार… म्हणजे मामांना पुकारणार.

फरहाना, संपलं गं. तुला ठावं न्हाय आमचे मामा. मेले तरी खोटं बोलणार न्हाईत. भावकीच्या वाटणीत सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिलेला माणूस हाय तो, त्यापायी दहा वरसं भाऊ बोलत न्हवता. ते उठणार आन म्हणणार, ‘म्या न्हाय लिवलं.’ झालं. खोडलं. मुतारी बी गेली, माझा फोन बी गेला. आन अमरसिंह भावजी म्हणणार, बघा, घरातली बाई फोन घेऊन बसली की असं होतं.

जा आत जा. फोन बंद करू नको. ओढणीत धर. मला सांगत राहा हळूहळू.

…न्हाय आत्याबाई, कुणाचा न्हाय, फरहानाचा. तुमी जुड्या बांधा. व्हय, धपाटी झाली… आल्या बघ दारात. उद्या बाजार हाय ना, मेथी पसरून बसल्यात. कान हिकडंच हाय त्यांचा.

हां, बोल… कमानवाल्यानं सही दिली. बरं. सेल्फी पॉइंट… भावजींनी दिली, टाळ्या… आता?… मामांचं नाव घेतलं. बाई गं.

कोण वाचायलंय?… चन्नबसप्पा क्लार्क. माईकवर?… पूर्ण?… ‘आम्हा बायकांना’ म्हणलं आन सगळे हसले. हसणारच. हसू देत. मामा?… अजून बसलेत… उठले. आता उठले. काठी टेकून.

भावजी मधीच काय म्हणले?… ‘काका, खातं हॅक झालं म्हणून सांगा, मोकळे व्हा.’ सगळ्या हॉलसमोर! बघ कसा वाट काढून द्यायलाय. मामा काय म्हणले?… ‘हॅक म्हंजे काय?’… कुणी सांगितलं?… चोरानं घरात शिरून लिहिलं असं… मग?… ‘माझ्या घरात चोर न्हाय.’

अगं बाई.

मग?… बोल की, श्वास घ्यायला थांबू नको… काय?… म्हणले?… ‘हे म्या न्हाय लिवलं.’

…हां. न्हाय, ऐकायलेय. म्हणलं न्हवतं का मी तुला. संपलं. ठेव फोन, फरहाना. चूक माझीच हाय, दुसऱ्याच्या मिशांवर किती दिवस… काय? अजून बोलायलेत?

काय बोलायलेत? नीट सांग, त्यांच्याच शब्दात सांग… ‘म्या न्हाय लिवलं. म्या लिवूच शकत न्हवतो. मला ठावंच न्हवतं.’… हां… ‘हाटेलात पोरं मला हसली, तवा घरी येऊन मंडळीला इचारलं. बाजारात तू पाणी पीत न्हाईस व्हय? तर म्हणली, आत्ता इचारताय?’… पुढं… ‘चाळीस वरसं म्या तिच्या शेजारी पोत्यावर बसलो. दिसभर चार येळा चहाला उठायचो, भिताडाकडं जाऊन यायचो. ती उठली न्हाय. मला वाटायचं, कामाची लई चिकट हाय.’

हॅलो?… हाय गं मी. हाय. जरा… तू सांग.

कुणी हसंना आता? भावजी बी?… बूट बघायलेत. बघू देत.

…आत्याबाई, तुम्ही ऐकलं?… न्हाय फरहाना, मोठ्यानं बोलले मी, त्यांच्या कानावर गेलं सगळं. हातातली जुडी तशीच हाय, दोरा सुटलाय… काय आत्याबाई?… त्यांना काय सांगू?… फरहाना, त्या म्हणायलेत, चाळीस न्हाय, बेचाळीस. दोन वरसं खाल्ली म्हणून सांग त्यांना. त्यांना गिनती कवाच जमली न्हाय म्हणं.

रडत न्हाईत गं. मीच रडायलेय. त्या तर वाकडं तोंड करून हसायल्यात.

बरं, पुढं काय म्हणले?… मॅडमनी विचारलं, मग लिहिलं कुणी? आता नाव घेतेत का काय?… घेतलं?… ‘जिला ठावं होतं तिनं लिवलं. माझी सून दीपमाला.’… माईकवर? माझं नाव माईकवर? अगं लग्नाला सहा वरसं झाली, त्यांच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं न्हाय! सूनबाई, न्हायतर ‘आवो’, न्हायतर नुसतं खाकरतेत. माझं नाव ठावं हाय त्यांना?… दीपमालाच म्हणले? नीट?… 

काय?… कुणाला पायजे फोन?… नको नको, देऊ नको, काय बोलू मी त्यांच्याशी, थांब, फरहाना, फरहाना…

हॅलो… व्हय मामा. पाया पडते… व्हय, पदर घेतलाय. न्हाय, तुम्हाला कुठं दिसायलंय, आपसुक घेतला गेला…

मामा, चुकून झालं. खातं बदलायचं राहिलं… व्हय, चूक झाली… एकच चूक? कुठली?… माझं नाव न घालता लिहिली ही?

…

व्हय, ऐकायलेय. आत्ता? हॉलात? मामा, तिथं सगळे थोरले हायत. भावजी हायत, चुलत सासरे हायत. मी तिथं येऊन उभी राहू?… व्हय, सही मला करता येती. बारावी झालेय… आन तुमची सही?… खाली. साक्षीदार म्हणून.

मामा, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं का? मला माईकवर न्हाय जमायचं… हां. ‘लिवताना कोण हात धरला होता?’ व्हय, तसं तर कुणी न्हाय… व्हय. सांगते आत्याबाईंना. त्यांना घेऊन येते… धपाटी? झाकून ठेवली. मीठ… बघते. बरोबर असंल.

हां फरहाना… हो, हो, येणार हाय. किती वाजले?… पाच पंचवीस. वीस मिनिटं हायत. ऐक, आत बायका किती हायत?… तुझ्यासकट चार. आन बाप्ये?… दीडशे. न्हाय, मग मी अशी एकटी येत न्हाय. एक कागद गेला तर एकच सही म्हणतील, कुणाची तरी सून, म्हणून सोडून देतील. तू त्या क्लार्ककडनं कोरे कागद घे. घे जितके देईल तितके. पेन बी.

ग्रुपवर टाकू म्हणतीस? बचत गटाच्या?… अगं ग्रुपवर टाकलं तर अंगठे येतील, बायका न्हाय येणार. आन निम्म्या तर रविवारी बघतेत. तुझ्या अम्मीला तेवढं तू फोन कर, चुडीगल्लीतल्या सगळ्यांना घेऊन निघ म्हणावं. आमच्या गल्लीचं मी बघते. आत्याबाई, चपला घाला, आपल्याला… आत्याबाई?

अगं कुठं गेल्या?… आत्ता हितंच होत्या. मेथी तशीच टाकलीय ओट्यावर…

थांब. ऐकू यायलंय का तुला?… थांब, फोन दाराबाहेर धरते. ऐक…

ऐकलंस?… त्याच! आत्याबाईच! गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हाका मारायल्यात. बाजारात मेथी ओरडून विकलेला गळा हाय तो, त्याला माईक लागत न्हाय. दारं उघडायली बघ… ती सोनाली आली, पिठाच्या हातानं आली. पलीकडची म्हातारी बी आली… काय चाललंय म्हणून विचारायल्या न्हाईत गं, नुसत्या मागं मागं निघाल्यात.

फरहाना, टेबल बंद करू देऊ नको. मॅडमला सांग, आडवी उभी राहा, काय बी कर… किती येतील? मला काय ठावं किती येतील! मला आता दिसतच न्हाय पुढचं, एवढ्या झाल्यात. ठेव तू. ठेव. सगळ्यांत मागं मीच राहिलेय.